अटल सेतू रोज: 3000 चा वार्षिक पास असून 250 कापले, आता मासिक पास घेऊ का?

नाशिकहून_पनवेल

नमस्कार मंडळी, सप्टेंबरात नाशिक सोडून नवीन पनवेलला आलोय, ऑफिस बॅलार्ड इस्टेटला. नाशिकला आईबाबा असतात म्हणून महिन्यातून दोनदा तरी जाणं होणारच होतं, त्यामुळे 15 ऑगस्ट 2025 ला तो फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला तेव्हा लगेच 3000 भरून घेऊन टाकला होता, आणि पडघा घोटीच्या टोलनाक्यांवर एकदम मस्त चाललाय, बॅलन्समधून एक रुपया जात नाही, फक्त ट्रिप कमी होतात. म्हटलं चला वर्षभराची कटकट मिटली.

आता गेल्या आठवड्यापासून गाडीने ऑफिसला जायला लागलो. चिर्लेहून अटल सेतूवर चढतो, शिवडीला उतरून फ्रीवेने सरळ फोर्ट. तर पहिल्याच दिवशी मेसेज आला 250 कापले म्हणून. मला वाटलं काहीतरी चूक झाली असेल, दुसऱ्या दिवशी परत तेच. पास अॅक्टिव्ह दाखवतोय, अॅपमध्ये ट्रिप शिल्लक दाखवतोय, मग पैसे कसले कापतात? ऑफिसातला एक जण म्हणतो की मुंबईत गाड्यांना टोल माफ झालाय म्हणून, मग हे काय आहे नक्की?

आणि दुसरा प्रश्न, पास चालणारच नसेल तर तिथला 12,500 चा मासिक पास घेऊ का? माझा हिशोब असा: महिन्यात 22 दिवस ऑफिस, दोन्ही वेळचे मिळून 500, म्हणजे 11,000. वर शनिवार रविवार कधी बायकोला घेऊन मुंबईत जाणं झालं की तेवढं होतंच, मग 12,500 मध्ये महिनाभर कितीही फिरा हे बरं नाही का? कोणी वापरतंय का, प्लीज सांगा, महिना सुरू व्हायच्या आत ठरवायचंय.

खाडीपलीकडचा

काही चूक झालेली नाही, पैसे बरोबर कापलेत. वार्षिक पास फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्सप्रेसवेवर चालतो. पडघा आणि घोटी राष्ट्रीय महामार्गावर आहेत म्हणून तिथे चालला. अटल सेतू एमएमआरडीएचा, म्हणजे राज्याचा. सी लिंक आणि पुणे एक्सप्रेसवे एमएसआरडीसीचे, तेही राज्याचेच. तिथे तुमच्या पासाला कोणी विचारत नाही, तोच टॅग साध्या पाकिटासारखा वापरला जातो आणि बॅलन्समधून पैसे जातात. टॅग एक, काच एक, पण रस्त्याचा मालक कोण यावर सगळं. हे पास काढताना बारीक अक्षरात कुठेतरी असतं, वाचतं कोण.

मुंबईत टोल माफ झाला ते ऑफिसवाल्याचं अर्धं खरं आहे. 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या वेशीवरचे पाच नाके, म्हणजे दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी, एवढ्याच ठिकाणी छोट्या गाड्यांना माफी आहे. आधी तिथे 45 रुपये घ्यायचे. अटल सेतू आणि सी लिंक त्या यादीत नव्हतेच. त्यामुळे तुम्ही वाशीवरून गेलात तर शून्य, सेतूवरून गेलात तर 250.

सुमेधा_उरण

अहो दादा मासिक पास अजिबात घेऊ नका!! आम्ही पण सुरुवातीला हाच घोळ घातला होता म्हणून सांगते. तुमचा हिशोब 500 रोजचा आहे तोच चुकलाय. त्याच दिवशी परत येणार असाल तर 500 नाही लागत, रिटर्नचे 375 च आहेत. आमच्या टॅगमधून जाताना 250 आणि संध्याकाळी येताना 125 जातात, वेगळं काही करावं लागत नाही. म्हणजे 22 दिवसांचे 8250 झाले. 12,500 कुठे आणि 8250 कुठे.

आता गंमत बघा, 12,500 ला 375 ने भागा. 33 च्या वर येतं. म्हणजे पास वसूल व्हायला महिन्यात 34 दिवस जाऊन यायला पाहिजे 😂 असा महिना कुठल्या कालनिर्णयात असतो ते मला कोणीतरी दाखवा. माझ्या नवऱ्याने तर पहिल्या महिन्यात मोठ्या ऐटीत पास घेतला होता, मी रविवारी बसून वहीत मांडलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, अजून टोमणे खातोय तो.

नाशिकहून_पनवेल

बापरे. पण माझे त्या दिवशी संध्याकाळी किती कापले ते बघितलंच नाही, सकाळचाच मेसेज बघून डोकं फिरलं होतं. आत्ता स्टेटमेंट उघडलं, खरंच 125 आहे. धन्यवाद ताई!!

मग तो पास आहे तरी कोणासाठी?

पिवळी_पाटी

आमच्यासारख्यांसाठी, आणि तेही प्रत्येकाला नाही. मी टॅक्सी चालवतो, दिवसात कधी दोन फेऱ्या होतात सेतूवर, म्हणजे जाऊन येऊन जाऊन येऊन. दिवसाचा पास 625 चा आहे. आता बघा, एक रिटर्न 375 आणि वर एक सिंगल 250, झाले 625. म्हणजे तीन वेळा ओलांडला तर बरोबरी, चौथ्या वेळेला फायदा सुरू. ज्याला रोज चार वेळा ओलांडायचाय त्याचाच मासिक पास महिन्यात सुटतो, 12,500 म्हणजे दिवसाचे 625 धरले तर 20 दिवस. ऑफिसला जाऊन येणाऱ्या माणसाचं ते काम नाही.

आणि एक, तो 3000 चा पास आम्हाला मिळतच नाही, पिवळ्या पाटीला नाही, फक्त पांढऱ्या पाटीच्या खाजगी कार जीप व्हॅनला. ज्याचं पोट रस्त्यावर चालतं त्याला सूट नाही आणि जो महिन्यातून दोनदा गावाला जातो त्याला आहे, हा न्याय काही आपल्याला कळला नाही, असो. पॅसेंजर उरणला सोडला तर तो 250 देतो, पण येताना गाडी रिकामी, ते 125 कोणाचे? माझे. गिऱ्हाइकाला आधीच बोललो तर तो वाशीवरून चल म्हणतो.

खाडीपलीकडचा

टॅक्सीवाल्या दादांचा हिशोब चोख आहे. अजून एक भर घालतो. वर्षाचा पास 1,25,000 चा आहे म्हणजे दहा महिन्यांचे पैसे, तोही 375 च्या हिशोबाने 334 दिवस जाऊन यावं लागतं तेव्हा कुठे भरून निघतो. रविवार, सणवार, आजारपण, सुट्टी धरली तर नोकरदार माणूस वर्षाला अडीचशे दिवस जेमतेम जातो.

पूर्ण 21.8 किमीला कारचे 250. मध्ये उलव्याकडे शिवाजीनगरला उतरलं तर कमी लागतो. गाडी कार नसेल तर दर पूर्ण वेगळे आहेत, त्यामुळे टॅगवर वाहनाचा वर्ग बरोबर आहे ना तेही एकदा बघून घ्या, कारला व्हीसी-4 पाहिजे. सेकंड हँड गाडी घेतलेल्यांचा इथे घोळ होतो.

बाईकवाला_बंड्या

आमचा प्रश्नच मिटला, बाईकला सेतूवर बंदीच आहे. रिक्षाला पण. 250 भरतो म्हटलं तरी सोडत नाहीत 😭 समुद्रावरून जायची हौस फक्त चारचाकीवाल्यांनी करायची. मी आपला वाशीच्या पुलावरून.

जुना_सीवूड्सकर

मंडळी टोलवर एवढी चर्चा चाललीय पण मूळ खर्च टोलचा नाहीच हे कोणी बोलत नाही. पनवेल ते फोर्ट कुठूनही जा, वाशीवरून जा की सेतूवरून जा, एका बाजूचे पंचेचाळीस किमीच्या आसपास होतात, गाडीने मोजून बघा. रोजचे 90 किमी. ट्रॅफिकमध्ये 15 चं अॅव्हरेज धरलं तर 6 लिटर, मुंबईचा पेट्रोलचा भाव शंभरच्या वर, म्हणजे रोजचे सहाशेच्या वर आणि 22 दिवसांचे साडेतेरा हजार. टोल 8250. पार्किंग बॅलार्ड इस्टेटला फुकट मिळत असेल तर तुम्ही नशीबवान. एकूण बावीस हजार महिन्याला नुसतं जाण्यायेण्यात. टोल तुम्हाला मेसेजमध्ये दिसतो म्हणून टोचतो, पेट्रोल आठवड्याला एकदा भरलं की विसरून जातो आपण.

उरणवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना आधी सगळा वळसा घालून वाशीवरून जावं लागायचं, त्यांचे किलोमीटर खरंच कमी झाले, त्यांना टोल देऊन पण पेट्रोलमध्ये सुटतं. पनवेलवाल्याला वाचतो तो फक्त वेळ. तो वेळ किती वाचतो हे तुम्ही कधी निघता त्यावर आहे, मी स्वतः सकाळी सहाला निघायचो तेव्हा वाशीवरून पण आरामात पोचायचो, 250 कशाला घालवायचे. साडेआठला निघालात तर मात्र मानखुर्दला जे अडकायला होतं त्याला तोड नाही, तिथे 250 देऊन माणूस शहाणा ठरतो.

सुमेधा_उरण

हो काका, अगदी. आम्हाला खरंच फरक पडलाय. आणि ज्या दिवशी सेतूचं उद्घाटन झालं ना, 12 जानेवारी 2024, त्याच दिवशी उरणच्या लोकलचं पण झालं होतं, तेव्हा आमच्याकडे एकाच दिवशी दोन दिवाळ्या. आता मी लोकलनेच जाते, नवऱ्याला गाडी लागते कारण त्याचं काम साइटवर असतं. लोकलचा महिन्याचा पास म्हणजे तुमच्या दोन दिवसांच्या पेट्रोलपेक्षा कमी.

शिवडीकरीण

बसचं कोणी बोललंच नाही? बेस्टची एस-145 आहे एसी, बेलापूरच्या कोकण भवनहून सेतूवरून कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरपर्यंत. नवी मुंबईच्या पण आहेत, खारघरहून आणि नेरुळहून मंत्रालयापर्यंत. फेऱ्या कमी आहेत, वेळ जमली तर सोनं नाहीतर ताटकळत उभं. पण टोलचं टेन्शन नाही, पाठ टेकून झोपता येतं, समुद्र पण बघायला मिळतो. गाडी चालवणाऱ्याला समुद्र बघायला कुठे मिळतो, 100 ची लिमिट आणि वर कॅमेरे.

नाशिकहून_पनवेल

बावीस हजार 😳 हे मी असं एकत्र मांडलंच नव्हतं. बायकोला हा धागा दाखवणार नाही.

अजून एक विचारू का, रविवारी वांद्र्याला बहिणीकडे जायचंय. पनवेलहून सेतूने शिवडी आणि मग पुढे सी लिंक असं गुगल दाखवतंय, म्हणजे दोन टोल लागतील? आणि डिसेंबरात पुण्याला लग्न आहे त्याचं पण सांगा.

खाडीपलीकडचा

हो, सी लिंकचा वेगळा. कारला 100 एकेरी, रिटर्न 150, दिवसाचा पास 250. हे दर 1 एप्रिल 2024 पासून आहेत आणि मार्च 2027 पर्यंत तेच राहणार. त्याआधी 85 होते. तिथे नेहमी जाणाऱ्यांसाठी कूपनची पुस्तकं पण मिळतात, 50 चं घेतलं तर दहा टक्के आणि 100 चं घेतलं तर वीस टक्के सूट, पण तुम्हाला रविवारच्या एका फेरीला त्याचा उपयोग नाही.

कोस्टल रोडला टोल नाही हे लक्षात ठेवा. मरिन ड्राइव्हहून वरळीपर्यंत फुकट. टोल पुढे सी लिंकचा, नाका वांद्र्याच्या टोकाला. वरळीलाच बाहेर पडलात तर काहीच लागत नाही, पण मग माहीमचा सिग्नल तुमच्या नशिबी. रविवारी सकाळी लवकर असाल तर तुम्ही सरळ वाशी, चेंबूर, सायनवरून वांद्र्याला जा, दोन्ही टोल वाचतील, जाऊन येऊन 525 रुपये. त्यात बहिणीच्या मुलांना काहीतरी घेऊन जा.

पुणे एक्सप्रेसवेला कारचे 320 एका बाजूचे, 2023 च्या एप्रिलमध्ये 270 वरून वाढले. 2023 पर्यंत तिथे दर 3 वर्षांनी 18 टक्के वाढ होत गेली. 3000 चा पास तिथे पण नाही चालत, परत विचारू नका 😀

काउंटरपलीकडची

मी बँकेत फास्टॅगचंच काम बघते, रोज हेच ऐकते म्हणून थोडं लिहिते, लांबलं तर माफ करा.

पास असला तरी टॅगमध्ये बॅलन्स ठेवावाच लागतो. पासाचे 3000 आणि टॅगचा बॅलन्स ही दोन वेगळी खाती समजा, लोक म्हणतात आम्ही 3000 भरलेत की आणि बॅलन्स ठेवतात 40 रुपये, मग सेतूवर किंवा एक्सप्रेसवेवर टॅग चालत नाही आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात. एमएसआरडीसीच्या रस्त्यांवर 1 एप्रिल 2025 पासून फास्टॅग सक्तीचा आहे, तुमचा टॅग चालला नाही तर रोख द्या नाहीतर यूपीआय करा, दुप्पट. म्हणजे सी लिंकचे 100 चे 200 आणि पुण्याचे 320 चे 640. आणि ते 15 नोव्हेंबर 2025 पासून यूपीआयने दिलं तर सव्वापट असं जे ऐकताय ते राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यांसाठी आहे, तिथे तेव्हा 100 चा टोल असेल तर यूपीआयने 125 आणि रोखीने 200 असे ठरले. हे दोन नियम लोक एकमेकांत मिसळतात आणि मग नाक्यावरच्या पोराशी भांडतात, त्या बिचाऱ्याच्या हातात काही नसतं.

पासाच्या ट्रिपा पण मोजून वापरा. 200 ट्रिप किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. नाका ओलांडला की एक ट्रिप. तुम्हाला पडघा आणि घोटी म्हणजे नाशिकला एकदा जाऊन आलात की चार. महिन्यातून दोनदा म्हणजे वर्षाला 96, म्हणजे तुमचा पास वर्षाआधी संपत नाही, उलट निम्म्या ट्रिपा उरतील. ज्यांच्या रोजच्या वाटेवर राष्ट्रीय महामार्गाचा नाका आहे त्यांच्या 200 ट्रिपा मात्र पाच महिन्यांतसुद्धा संपतात आणि मग ते आमच्याकडे येतात की पास फ्रॉड आहे.

जुना_सीवूड्सकर

ताई, दोनदा पैसे कापले तर काय करायचं ते पण सांगा. माझं एकदा एका नाक्यावर टॅग वाचला गेला नाही, मुलगा म्हणाला रोख द्या, दिले, पुढे दहा किमी गेल्यावर मेसेज आला की टॅगमधून पण गेले. पावती खिशात ठेवली होती म्हणून वाचलो.

काउंटरपलीकडची

काका पावती ठेवलीत तिथेच निम्मं काम झालं. नाक्यावर परत जाऊ नका, ज्या बँकेचा टॅग आहे तिच्या अॅपमध्ये किंवा हेल्पलाइनवर त्या व्यवहारावर तक्रार टाका, पावतीचा फोटो, नाक्याचं नाव, वेळ. पैसे परत यायला वेळ लागतो पण येतात. राष्ट्रीय महामार्गावरचा नाका असेल तर 1033 वर पण फोन करता येतो. सेतू, सी लिंक, पुणे एक्सप्रेसवेचं असेल तर 1033 वाले तुम्हाला बँकेकडेच पाठवतील.

चार्जिंगला_लावलंय

सगळ्यांना हसत हसत वाचतोय. इलेक्ट्रिक गाडी आहे माझी, 22 ऑगस्ट 2025 पासून अटल सेतूवर टोल शून्य. इलेक्ट्रिक चारचाकी आणि बस दोघांना माफ आहे, मालवाहू गाड्यांना नाही. राज्याच्या ईव्ही धोरणात पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीचं पण नाव आहे. फक्त सुरुवातीला माझे तीन चार वेळा कापले गेले, टॅगवर गाडी पेट्रोलची म्हणून नोंदली होती, बँकेला आरसी पाठवून बदलून घेतलं.

बाईकवाला_बंड्या

म्हणजे 250 वाचवायला पंधरा लाखाची गाडी घ्या. चांगली स्कीम आहे 😂

चार्जिंगला_लावलंय

अरे बंड्या रोजचे 375 आणि 6 लिटर पेट्रोल धर, मग बोल. मी महिन्याला किती वाचवतो ते काकांच्या हिशोबावरूनच कळेल. हप्ता जातो तो भाग वेगळा 😅

पिवळी_पाटी

मला एक सांगा, सतरा हजार आठशे कोटींचा पूल, त्यात जपानचं कर्ज, ते फिटायचं आमच्या 250 मधून आणि ईव्हीवाला फुकट? बरं ठीक आहे हवा चांगली राहते म्हणतात. पण कर्ज फिटल्यावर टोल बंद होईल असं ज्याला वाटतं त्याने वेशीवरच्या नाक्यांची कहाणी आठवावी, पंचावन्न उड्डाणपुलांसाठी म्हणून बसवलेले ते नाके, बंद व्हायला निवडणूक यावी लागली, आणि ट्रकवाल्याला तर अजून भरायला लागतंय.

नाशिकहून_पनवेल

सगळ्यांचे खूप आभार, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. ठरवलंय ते लिहितो म्हणजे पुढे कोणी हाच प्रश्न घेऊन आला तर उपयोग होईल.

मासिक पास नाही घेत. आठवड्यातून तीन दिवस लोकल, दोन दिवस गाडी, म्हणजे आठ दिवसांचे 3000 टोल. (परत 3000 च, हा आकडा माझा पिच्छा सोडत नाही.) खारघरचे दोघं ऑफिसात आहेत असं कळलंय, त्यांना विचारलं, एक जण यायला तयार आहे पण तो म्हणतो मी पेट्रोलचे देईन, टोल तुझा तू भर कारण तू तसाही सेतूवरूनच जाणार. काय बोलावं याला. खारघरचा माणूस सेतूला यायला उलटा येणार की मी त्याला घ्यायला जाणार ते पण अजून ठरायचंय, त्यात वीस मिनिटं गेली तर सगळं मुसळ केरात.

टॅगचा वर्ग बघितला, व्हीसी-4 आहे. बॅलन्स 1000 ठेवलाय. रविवारी वांद्र्याला वाशीवरून.

सुमेधा_उरण

खारघरवाल्याला सांगा टोल अर्धा, पेट्रोल अर्धं, नाहीतर एस-145 😄

शिवडीकरीण

आणि सकाळी लवकर या. नवी मुंबईचा विमानतळ पण सुरू झालाय, आता बघा आमच्या शिवडीच्या तोंडाला काय होतंय ते, आत्ताच संध्याकाळी फ्रीवेवर चढायला रांग असते.